ढेपेच्या दुकानातला बेसवाला

प्रमोदभाऊ गुल्हाने कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी कोपऱ्यात जात, भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि हंबरत. तोंड मिटून, घशाच्या तळातून "हूंऽऽ" असा एक जाड सूर काढत, तो हळूहळू वर नेत, परत खाली आणत. मध्येच एका जागी ती खोली गुरगुरल्यासारखी व्हायची. मग भाऊ थांबत आणि समाधानानं म्हणत, "सापडला." प्रत्येक खोलीचा एक लाडका सूर असतो, तो लागला की खोली माजते, म्हणून तो आधी शोधून ठेवायचा, असं त्यांचं शास्त्र. हे त्यांनी बँकेत केलं आहे, तहसील कचेरीत केलं आहे. पुतण्यासाठी मुलगी पाहायला पुलगावला गेले, तिथंही पोहे येईपर्यंत कोपऱ्यात उभे राहून हंबरले. मुलीच्या आईला वाटलं, पाहुण्यांना मळमळतंय. तिनं लिंबूपाणी आणलं. ते पिऊन भाऊ म्हणाले, "खोली मस्त आहे तुमची. फक्त त्या कपाटापाशी जरा घुमते." तरी सोयरीक जमली. यात मुलीकडच्यांचा मोठेपणा आहे, भाऊंचा नाही.

हिंगणघाटात आमचं आणि गुल्हान्यांचं घर लागून. त्यांचं पुढं गुरांना घालायच्या सरकी ढेपेचं दुकान, मागं राहतं घर, आणि दोन घरांत भिंत एकच. भिंतीच्या त्या बाजूला भाऊंचं बेस गिटार, या बाजूला माझी खाट. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं गिटार. गाण्याच्या तळाशी जो भारी, संथ सूर चालत असतो तो त्याचा. लोक गाणं ऐकतात, गायिकेची साडी लक्षात ठेवतात, ढोलकीवाल्याला बक्षीस देतात. बेसवाला कोण होता हे फोटो पाहूनही कोणाला सांगता येत नाही. भाऊ 'झुळूक' नावाच्या ऑर्केस्ट्रात हे वाद्य वाजवत. लग्नं, दुर्गोत्सव, शाळांची स्नेहसंमेलनं, अख्खा जिल्हा त्यांनी पालथा घातला होता. लग्न त्यांनी स्वतः केलं नव्हतं. दिवसा ढेप विकायची, उरलेल्या वेळात माझ्या भिंतीला हादरे द्यायचे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि मी पत्रकं लिहीत होते. आमची एक छोटी संघटना होती आणि लाऊडस्पीकरांविरुद्धची आघाडी माझ्याकडे होती. मी अजूनही त्यातलं एक वाक्य मागं घ्यायला तयार नाही. दवाखान्याच्या खिडकीकडे तोंड करून भोंगे बांधणारी मंडळं मी पाहिली आहेत. लग्नात आजोबांच्या कानापासून हातभर अंतरावर भोंगा, आणि आजोबांनी कान झाकले तर "म्हाताऱ्याले हौसच नाई" म्हणणारे नातेवाईकही पाहिले आहेत. 'कान जनतेचे, भोंगे पुढाऱ्यांचे' हे पत्रक घेऊन मी तडक शेजारच्या दुकानात गेले.

"भाऊ, तुमचा ऑर्केस्ट्रा समाजाचे कान फोडतो आहे."

त्यांनी पत्रक ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारी माणसं तेव्हाही फार नव्हती.

"बराबर लिवलं," ते म्हणाले. "पण यात बेसचं नाव काऊन घेतलं? कान तं भोंगा फोडते. बेस कानात जातच नाई, पोटात जाते."

"तो माझ्या खाटेत येतो. रोज."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "येते? तिकून ऐकू येते? कसा येते, गोल येते का फाटका येते?"

मी भांडायला गेले होते. तक्रार केली तर आवाजाचा दर्जा विचारणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे आमच्या शिबिरात शिकवलं नव्हतं. 'बेस पोटात जाते' हे म्हणणं तर साफ चूक होतं. तो पोटातही जातो, भिंतीतही जातो आणि परीक्षेच्या दिवसांत डोक्यातही जातो. तसं मी सांगितलं. त्या दिवसापासून मला ते 'पत्रकबाई' म्हणू लागले.

त्यांच्या तऱ्हा मग एकेक कळत गेल्या. तारा जुन्या झाल्या, आवाज मंद झाला, की ते त्या सोड्याच्या पाण्यात उकळत. एकदा वयनींनी, म्हणजे त्यांच्या भावजयीनं, झाकण काढून पाहिलं आणि शेवया समजून गूळ काढायला गेल्या. त्यानंतर भाऊंना स्वतंत्र पातेलं, आमच्याकडचा गंज, मिळालं, त्यावर खिळ्यानं 'तारा' असं कोरलेलं. स्टेजवर उभं राहून आपला आवाज लोकांपर्यंत कसा जातो हे कळत नाही, म्हणून त्यांनी लांबच लांब वायर करून घेतली होती. गाणं चालू असताना ते वाजवत वाजवत स्टेजवरून उतरत, थेट शेवटच्या रांगेच्या मागं जाऊन उभे राहत, ऐकत आणि तसेच वाजवत परत येत. देवळीच्या एका लग्नात ही वायर पंगतीतून फिरली आणि नवरदेवाचे मामा जिलेबीच्या परातीसकट बसले. भाऊंनी मागं वळून पाहिलं नाही. नंतर म्हणाले, "मागं आवाज मस्त होता. मामापाशी जरा पातळ होता."

साऊंडवाल्या गजूशी त्यांचं कायमचं वाकडं. गजूचं तत्त्व सोपं होतं, सगळी बटणं उजवीकडे शेवटपर्यंत. भाऊंचं एकच पालुपद, "कमी कर, मंग दिसन."

"काय दिसन, भाऊ? अंधार?" गजू विचारायचा.

"गाणं दिसन, बह्याडा. साऱ्यांनी बोंबललं तं कोनाचंच समजत नाई."

आवाज कमी करा म्हणणारा वाजवणारा मला अख्ख्या जिल्ह्यात एवढा एकच सापडला. मी त्यांना संघटनेत ओढायचा फार प्रयत्न केला. ते म्हणत, "मले मोर्चा नोको. तिथं तुमीच भोंगा लावता." हे मात्र खरं होतं.

आता दादाजींबद्दल सांगायला हवं. दादाजी म्हणजे भाऊंचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून दुकान आणि धाकटा भाऊ दोन्ही त्यांनीच सांभाळलं. माणूस सरळ. भजनाला जात, पण ऑर्केस्ट्रा ऐकायला कधी फिरकले नव्हते. फक्त एकदा, घराच्या अंगणातच कार्यक्रम झाला म्हणून ऐकावं लागलं, तेव्हा म्हणाले होते, "पम्या, तू हात हालवतं ते दिसते. ऐकू काई येत नाई." भाऊंनी ते मनात धरलं होतं. गावातल्या कोणी काही म्हटलं तर ते हसत, दादाजींच्या या वाक्यावर मात्र त्यांना हसता येत नसे.

त्या हिवाळ्यात दादाजींनी सिंदी रेल्वे या गावी दुसरं दुकान घेतलं. तिथं घरचं माणूस बसायला हवं, आणि मोकळं माणूस म्हणजे भाऊच. सिंदीला बसायचं म्हणजे 'झुळूक' सुटणार. भाऊ वयनींमार्फत बोलले, मग स्वतः बोलले. शेवटी दादाजी म्हणाले, "एक डाव येतो ऐकाले. तू वाजवतं ते मले समजलं तं सिंदीले नोकर ठेवू. नाई समजलं तं तू बसजो. मंजूर?"

"मंजूर," भाऊ म्हणाले आणि भिंतीवर टकटक करून मला बोलावलं. "पत्रकबाई, तुमचा तो कमी आवाजाचा कार्यक्रम कधी करता? आता करा."

आमचं ते जुनंच ठरलं होतं, भोंग्याशिवाय, एकदोन लहान पेट्यांवरही कार्यक्रम होतो हे गावाला एकदा दाखवायचं. एका शेठनं आपल्या कापसाच्या जिनिंगचा पत्र्याचा शेड रविवारी दुपारी वापरायला दिला. शनिवारी आम्ही पाहायला गेलो. तीन बाजूंनी रुईच्या, म्हणजे दाबलेल्या कापसाच्या, गाठी छपरापर्यंत रचलेल्या. भाऊ चारही कोपऱ्यांत हंबरले. शेड गुरगुरला नाही. पुन्हा हंबरले, तरी नाही. "कापूस आवाज पेते," ते हळूच म्हणाले, देवळात बोलावं तसं. "याले लाडका सूरच नाई. साधू आहे हा." मग त्यांनी बेस जोडला, आणि भिंतीच्या या बाजूनं इतकी वर्षं वैतागलेल्या मला पहिल्यांदा कळलं की ते वाद्य बोलतं. एकेक सूर वेगळा, स्वच्छ. गजूनंसुद्धा बटणाला हात लावला नाही. कुंदाताई गुणगुणून पाहत होत्या. 'झुळूक'च्या गायिका, एरवी बालवाडीच्या बाई. घशाच्या दुखण्यानं वर्षभर गाणं बंद होतं, डॉक्टरांनी नुकती परवानगी दिली होती, तीही ओरडायचं नाही या अटीवर. "आज तं माह्या गळ्याले कामच नाई," त्या म्हणाल्या.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा शेड रिकामा होता. शेठनं मोठ्या मनानं सकाळीच हमाल लावून सगळ्या गाठी बाहेर काढल्या होत्या, फरशी धुऊन घेतली होती, दाराला आंब्याची पानं बांधली होती. "पाहुने येतीन, कापसात कुठं बसवता?" म्हणाले. त्यांना वाटलं, आम्ही आनंदानं गप्प झालो आहोत.

भाऊ कोपऱ्यात गेले. नुसतं "हूं" केलं आणि अख्खा पत्रा थरथरला. दुकानातून ढेपेची रिकामी पोती आणून टांगली. ती पत्र्यापुढं काय पुरणार. लोक येऊन बसू लागले. दादाजी धुतलेलं धोतर नेसून पुढच्या रांगेत येऊन बसले, वयनी शेजारी. दादाजींनी खुर्ची जरा तिरपी करून घेतली, भाऊ उभे होते त्या बाजूला.

पहिल्याच गाण्यात घोळ झाला. बेसचा विशिष्ट सूर आला की शेड घूं करून उठे आणि त्यात कुंदाताई बुडून जात. त्यांनी आवाज चढवला. मी गजूच्या टेबलापाशी उभी होते, तिथून त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. गजूनं त्यांचा माईक वाढवला, तर तो किंचाळायला लागला. भाऊंनी तो सूर टाळून पाहिला. मग तारेवर तळहात ठेवून वाजवून पाहिलं. दुसऱ्या गाण्यात कुंदाताईंनी एका हातानं गळा धरला. त्यांचा आवाज फाटला, आणि त्या चपापून भाऊंकडे पाहू लागल्या, आपलाच ठोका चुकला की काय अशा नजरेनं.

भाऊंनी मान हलवून त्यांना "चालू द्या" अशी खूण केली. मग एकदा पुढच्या रांगेकडे पाहिलं, आणि गिटारवरचं आवाजाचं बटण फिरवून पार शून्यावर आणलं. शेड शांत झाला. कुंदाताईंचा आवाज वर आला, जसा आदल्या दिवशी होता तसा. त्यांनी गळ्यावरचा हात काढला. त्यानंतर कार्यक्रम शेवटपर्यंत झाला, आणि भाऊ एकही सूर न गाळता, बोटं नीट तारांवर ठेवून, पाय हलवत, प्रत्येक गाणं वाजवत राहिले. आवाज अजिबात नव्हता. दादाजी पुढं झुकून, कानामागं हात धरून त्यांच्याकडेच पाहत होते.

टाळ्या खूप झाल्या. आमचं म्हणणंही सिद्ध झालं, भोंग्याशिवाय लोक शेवटपर्यंत बसले. दादाजी स्टेजपाशी आले.

"कुंदाताई चांगल्या गायल्या. पम्या, म्या तुह्याकडंच ध्यान देऊन राह्यलतो. खोटं कायले बोलू, तुहं नाई आलं बाप्पा ऐकू." त्यांच्या तोंडावर जिंकल्याची खूण नव्हती. त्यांना ऐकू यायला हवं होतं.

"हो दादाजी. आज काई जमलं नाई," भाऊ म्हणाले आणि वायर गुंडाळू लागले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी तिथं हजर. "तुम्ही आवाज बंद केला होता. मी डोळ्यांनी पाहिलं. मी आत्ता दादाजींना सांगते."

"नोको."

"काऊन नोको? हा सरळ अन्याय आहे."

"अवं बाई, हळू बोल." ते ढेपेचं पोतं उसवत होते. "तू दादाजीले सांगशीन. दादाजी वयनीले सांगन, वयनी कुंदाताईले. एका दिवसाच्या आत. मंग ते बाई उभी राहीन का पुन्हा माईकपाशी? तिले वाटू दे ना, का आपला गळा शेडाले पुरला."

मी चिडून घरी गेले. कुंदाताई पुढं बरीच वर्षं गायल्या. बेसचं काम कीबोर्डवाला डाव्या हातानं उरकू लागला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. कुंदाताई आता नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

भाऊ सिंदीला दुकानामागच्याच खोलीत राहू लागले. आमची भिंत शांत झाली. पुढं एकदा पत्रकं वाटत सिंदीला गेले, तर भर दुपारी दुकानाच्या पायरीवर एक शेतकरी ताटकळत बसलेला. मला म्हणाला, "भाऊची दाढ दुखून राह्यली वाट्टे. हाक मारतो तं बोलत नाई."

आत ढेपेच्या थप्पीमागं भाऊ स्टुलावर बसले होते. डोळे मिटलेले, मांडीवर गिटार, आणि जबडा गिटारच्या लाकडाला घट्ट टेकवलेला. बोटं चालू होती. वायर जोडलेली नव्हती, स्पीकरची पेटीही कुठं दिसत नव्हती. मी हात लावला तेव्हा दचकले, हसले आणि सांगू लागले, असं धरलं की सूर लाकडातून हाडात जातो, हाडातून कानात.

"पण बाहेर काहीच ऐकू येत नाही, भाऊ."

"मले येते," ते म्हणाले आणि शेतकऱ्याला किती पोती हवीत ते विचारायला उठले.