हरलेल्यांच्या घरी यादोराव

निवडणुकीचा निकाल लागला की लाखनीतली माणसं गुलाल शोधतात आणि आमचे शेजारी यादोराव काका पांढरा सदरा. जो हरला त्याच्या घरी ते दुखवट्याला जातात. पक्ष बघत नाहीत. अनामत गेलेला अपक्षसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नाही.

आणि जातात ते अगदी रीतीनं. चपला दाराबाहेर, टोपी मांडीवर, पाच मिनिटं गप्प. मग हळूच, "कसं झालं जी?" समोरचा गावागावातली मतं सांगत सुटतो. काका मान हलवतात. "होनारं चुकत नाई. दोन घास खाऊन घ्या आता." एकानं त्यांना चक्क हाकलून दिलं. "दुःखात हाये, बोलनारच," म्हणत काका दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. राईस मिलमधून निवृत्त झालेला, काकू गेल्यापासून एकटा राहणारा हा माणूस. मला त्याचं भारी अप्रूप.

या खेपेला राज्यातली जुनी आघाडी गेली आणि नवी आली. आमचे आमदारही पडले. कालपर्यंत त्यांच्या गाडीमागे धावणारे नव्या आघाडीच्या मिरवणुकीत नाचले. काका तर महिनाभर या आमदारांच्या विरोधात माईक घेऊन फिरले होते. टीव्हीवर नव्या सरकारचा शपथविधी चालू असताना ते माझ्या दारात उभे.

"गाडी काढ. आमदाराकडे बसाले जाऊ."

"काका, मार खाऊ आपण!"

"मयतीच्या घरी कोनी मारते काय बे?"

शेवटी मी गाडी काढली. फाटकावर चार-पाच कार्यकर्ते होते. एकानं काकांना ओळखलं आणि सरळ कॉलर धरली. "मजा पाहाले आला काय रे बुढ्या?"

काकांनी तिथंच चपला काढल्या. "साहेबाले सांगा, यादोराव बसाले आला." आवाज चढला नाही, पाऊल मागं सरलं नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो.

साहेब स्वतःच बाहेर आले आणि आम्हाला आत घेऊन गेले. जिथं उभं राहायला जागा मिळत नसे त्या खोलीत खुर्च्यांची चळत भिंतीशी लावून ठेवली होती. काकांनी तीन खुर्च्या उतरवल्या.

"तुमी तं माया विरोधात फिरले," साहेब म्हणाले.

"पुढल्या खेपेलेही फिरीन. पन आज काहून नाई याचं?"

साहेबांनी खुर्ची जवळ ओढून विचारलं, "तुमीही उभे होते ना एकदा? हरले तवा तुमच्याकडे कोन आलं होतं?"

"कोनीच नाई. बुढीनं, याच्या काकूनं, चुलीवर गंजभर चहा मांडला होता. सांज झाली, दारात कोनी नाई. मंग मागच्या दारानं भायेर गेली, डोक्यावर पदर घेतला अन् समोरच्या दारानं आत आली. मायासमोर बसली अन् म्हने, 'आयकलं जी, म्हनून आली.'"