गुळगुळीतरावांचं विमान

परीक्षा मुलीची होती, पण तीन दिवस झोप उडाली होती ती वडिलांची. फ्लाइंग क्लबचे हे मेकॅनिक विमान इतकं घासूनपुसून ठेवत की सगळे त्यांना गुळगुळीतराव म्हणत, आणि त्यांनाही ते नाव बक्षिसासारखं वाटे. आज त्यांची लेक दोन आसनांचं विमान एकटी घेऊन जाणार होती आणि सांगितलेल्या वेळेला परतणार होती. उशीर होणार असेल तर आधी कळवायचं. कळवलेली वेळ पाच मिनिटांहून जास्त चुकली, तर परवाना गेला पुढच्या वर्षावर.

"हवा कशाकशाला अडते, सांग," पंखावरचा मेलेला डास नखाने खरवडत ते म्हणाले.

"आकाराला, खडबडीत पत्र्याला, पंख आणि धड जुळतात त्या सांध्याला. वेग दुप्पट केला की हवेची ही मागे खेचणारी ओढ चौपट. आणि पंख विमान उचलून धरतो त्याची ओढ वेगळी, ती हळू गेलं की वाढते. बाबा, हे आता आईसुद्धा झोपेत सांगेल!"

"म्हणून?"

"म्हणून मधला वेग धरायचा. आता जाऊ?"

जाऊ कसले देतात! वजन नको म्हणून त्यांनी तिची पिशवी उतरवली, पाण्याची मोठी बाटली काढून छोटी ठेवली, रिकाम्या आसनाकडे एकदा डोकावले आणि तिकडचा दरवाजा स्वतःच्या हाताने धाडकन लावला.

विमान उडालं. गुळगुळीतराव परीक्षक बाईंना म्हणाले, "माशी बसली ना मॅडम, तर घसरून पडेल."

अर्ध्या तासाने रेडिओवर लेकीचा आवाज आला. "उजव्या बाजूला बाहेरून काहीतरी आपटतंय. इंजिन ठीक आहे. वेग आठ नॉटने कमी झालाय."

गुळगुळीतराव ताडकन उठले. "चाकाचं झाकण निखळलं! नाही, नाही, पंखाचा पत्रा उचकटला!" ते ओरडले. पत्रा म्हटल्यावर अग्निशमनाची गाडी धावपट्टीशी आली. गाडी दिसल्यावर कॅन्टीनवाला पाण्याची बादली घेऊन धावला, आणि त्याने वाटेतूनच घरी फोन केल्यामुळे मुलीची आई एका पायात चप्पल, एका पायात सँडल अशी हजर झाली.

"ज्याने कोणी हे करून ठेवलंय, त्याला मी क्लबात पाय ठेवू देणार नाही!" गुळगुळीतराव गरजले.

"वेग थोडा उतरवला, आपटणं कमी झालं," रेडिओवरचा आवाज शांत होता. "आणखी उतरवत नाही, दुसरी ओढ वाढेल. इंधन पुरेल. नवी वेळ दहा सत्तेचाळीस."

"मधला वेग धरला पोरीने!" गुळगुळीतरावांनी कॅन्टीनवाल्याला मिठी मारली. बादली दोघांच्या पायांवर सांडली.

दहा सत्तेचाळीसला चाकं टेकली. रिकाम्या आसनाचा पट्टा दरवाजात अडकून बाहेर लोंबत होता, आणि त्याच्या लोखंडी बकलाने तळहाताएवढा रंग खरवडून काढला होता.

"हा दरवाजा कोणी लावला?" बाईंनी विचारलं.

"चूक माझी, मॅडम," लेक म्हणाली. "निघण्याआधी शेवटची नजर वैमानिकाची असते."

गुळगुळीतरावांना खोटा खोकला आला, मग खरा आला. "मी लावला," ते म्हणाले. "मीच. म्हणजे आता मला क्लबात पाय ठेवता येणार नाही."

"तुमचं तुम्ही बघा," बाई सही करत म्हणाल्या. "ही पास आहे."

आता त्या विमानाला रोज मेण लागतं, पण तेवढा डाग सोडून. गंज चढू नये म्हणून त्यावर पारदर्शक वॉर्निश आहे, रंग मात्र नाही. क्लबात नवीन कोणी आलं की गुळगुळीतराव त्याचा हात धरून त्या डागावर ठेवतात.

"बघा, कसं खडबडीत लागतंय!"

"पण काका, यानं ओढ वाढत असेल ना?"

"वाढू दे की," गुळगुळीतराव छाती फुगवून म्हणतात. "माझी पोरगी घेऊन येते बरोबर वेळेवर."