सहकुटुंब वाघमारे

आमच्या शेजारचे वाघमारे काका दाराबाहेर बोलतात आणि दाराच्या आत गातात.

विश्रांतवाडीच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "पाणी आऽऽलं गं, पाणी आऽऽलं, बादली लाऽऽवू का?" चाल अनोळखी आणि जराशी साहेबी. सासूबाईंनी भाजी चिरता चिरता हात थांबवला. "पाणी आल्याचं आम्हालाही कळतं," त्या म्हणाल्या. "त्याला बँडबाजा कशाला?"

जिन्यात भेटले की मात्र काका चारचौघांसारखे बोलत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी झालेली, त्यामुळे सगळं काही अलगद. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी, श्वास रोखून खाली ठेवायचे. बोलण्यात एक शब्द हटकून यायचा: सहकुटुंब. मार्केट यार्डातून मटार आणले की आमच्या दारात उभे. "घ्या सूनबाई. सहकुटुंब खाण्याजोगे आहेत." सोसायटीची लिफ्ट 'सहकुटुंब चढण्याजोगी नाही.' मतदानाच्या दिवशी मी विचारलं, कुणाला देणार? "सहकुटुंब मत द्यावं असा एकही दिसत नाही," म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालून मत द्यायला गेले.

त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या असत. मी हात केला की हसत, बोलत मात्र नसत. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "शिष्ट आहे." मग जरा विचार करून, "नाहीतर त्या गाण्यांना कंटाळली असेल. मीही बोलले नसते."

मला मात्र चैन पडेना. मेथी निवडायला भिंतीजवळची खुर्ची बरी वाटू लागली. काका जे गायचे ते सगळं ठरलेल्या चार-पाच चालींवर. औषध, आंघोळ, वरणाला फोडणी, सगळं त्यांतच बसवलेलं. हा माणूस बायकोला साधं 'जेवायला चल' का म्हणत नाही?

नाताळच्या सुट्टीत काका दारात आले. "उद्या दुपारी आमच्याकडे पिक्चर आहे. सहकुटुंब यायचं."

"कुठला हो?"

"इंग्रजी. जुना. गाण्यांचा. नाव मला नीट म्हणता येत नाही. आमच्या कारखान्याच्या क्लबात दर नाताळच्या सुट्टीत दाखवायचे. क्लबाकडे दुसरा नव्हताच."

"मला इंग्रजी कळत नाही," सासूबाई आतून म्हणाल्या.

"आम्हाला तरी कुठे कळतं ताई!"

माझे यजमान दौऱ्यावर होते, म्हणून आमचं कुटुंब म्हणजे मी आणि सासूबाई. काकांनी खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता. टीव्हीसमोर सुमनकाकू नवी साडी नेसून बसल्या होत्या. पिक्चर सुरू झाला. बर्फात अडकलेली एक आगगाडी, तिच्यातले प्रवासी आणि त्यांना घरात घेणारं स्टेशनमास्तरचं भलंमोठं कुटुंब. घरात जागा नाही, पुरेसा पाव नाही, तरी जो तो गातोय. पडद्यावर बर्फ पडायला लागला तसा काकांनी उठून पंखा मोठा केला. "क्लबात असाच वारा यायचा," ते म्हणाले. सासूबाईंनी पदर कानावरून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मध्येच सासूबाईंनी काकूंना सरळ विचारलं, "तुम्ही किती वेळा पाहिलात हो हा?"

काकूंचे ओठ हलले. "ते... आपलं... ते..." पुढे काही येईना. हातात पदराचा बोळा झाला. मला वाटलं, काका उत्तर देऊन टाकतील. काका जमिनीकडे बघत राहिले.

तेवढ्यात पिक्चरमधल्या त्या कुटुंबाने नवं गाणं धरलं, आणि काकूंनी मान उचलून त्याच चालीवर गायलं, "पाऽऽहिला, पाऽऽहिला, लग्नापासून पाऽऽहिला!" आवाज स्वच्छ, एकही शब्द न अडखळता.

मी उठून काकांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ते चहा टाकत होते.

"मेंदूचा झटका आला होता," ते हळूच म्हणाले. "मनात सगळं आहे, पण शब्द बाहेर येत नाहीत. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, गाऊन बघा, कधी कधी येतात. म्हणून आधी भीमगीतं लावली. विहारात ही पुढे उभी राहून गायची हो, पंचवीस बायका मागे. पण ती गाणी हिला पाठ. एक शब्द चुकला की कळायचं, आणि रडायची. शेवटी हा पिक्चर लावला. याचे शब्द आम्हाला जन्मात कळले नाहीत. मग चुकणार काय?"

"पण तुम्ही का गाता?"

"ती गाते ते अगदी हळू, भिंतीपलीकडे जात नाही. तरी एकटीच गायली तर लोक आजारी म्हणतील. मीही गायलो तर म्हणतील, दोघंही वेडे." त्यांनी आलं किसलं. "वेडे चालेल."

मी साखरेचं भांडं ट्रेमध्ये ठेवलं. काका ट्रे घेऊन बाहेर निघाले आणि सवयीने सूर लावला, "चऽऽहा आला, चऽऽहा आला, साखर किती घाऽऽलू?"

काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं. कपाळाला आठी. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. आम्ही वाट पाहिली. मग त्याच चालीवर त्या खणखणीत म्हणाल्या, "बेऽऽसूर, बेऽऽसूर, किती हो बेऽऽसूर! जराऽऽ गप्प बसा!"

काका जागच्या जागी उभे राहिले. "ऐकलंत?" ते मला म्हणाले. "बेसूर म्हणाली ना? मला म्हणाली ना?"

"तुम्हालाच," सासूबाई म्हणाल्या. "आणि खरं तेच म्हणाल्या."

"दुखण्यानंतर एकदाही भांडली नव्हती हो माझ्याशी," काका म्हणाले. "देईन ते खायची. म्हणेन ते ऐकायची." त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला. "साखर राहिली वाटतं आत," म्हणाले आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेले.

साखर ट्रेमध्येच होती. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. काकूंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली, थोडा वेळ थांबल्या आणि अगदी हळू चाल धरली.

"अहोऽऽ, या ना बाहेर... चहा निवतोय..."