देविदासभाऊंचं आवतन

सुरुवातीलाच माफी मागतो. दुसऱ्या माणसाबद्दल लिहायचं तर लिहिणाऱ्याचं वाचन हवं, वय हवं, निदान जरा धीर तरी हवा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि वाचन म्हणाल तर अभ्यासाला लागलेली पुस्तकं तेवढीच. देविदासभाऊ माझ्याहून कितीतरी मोठे, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. त्यांच्यावर मी काय लिहावं? पण मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "शेजारच्या माणसावर लिही." आमच्या शेजारी तेच राहतात. म्हणजे महिन्यातले काही दिवस राहतात.

देविदासभाऊ कोणाला हाक मारत नाहीत. ते मोबाईलच्या कॅलेंडरमधून आवतन पाठवतात. समोर बसलेल्या माणसालाही. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या बायकोला पाठवलेलं आवतन मी डोळ्यांनी पाहिलं: "चहा व चर्चा. रविवार, पाच ते सव्वापाच. ठिकाण: अंगण." वहिनी ढाणकीला दवाखान्यात नर्स आहेत, त्यांना मोबाईल चांगला कळतो. त्यांनी 'येणार नाही' दाबलं आणि खाली कारण लिहिलं: "नळ आले."

मळणीयंत्रवाल्या लक्ष्मणकाकांकडे बटणांचा फोन आहे. त्यांनाही आवतन गेलं. उत्तर येईना, म्हणून भाऊ चालत त्यांच्या घरी गेले. मी सोबत होतो. आम्ही बंजारा तांड्यातली माणसं घरात गोर बोली बोलतो, पण इथे सगळ्यांना कळावं म्हणून आमचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो.

"काका, आवतन भेटलं का?"

"कायचं आवतन?"

"सोयाबीन काढाचं. उद्या दहा वाजताचं."

"मंग आता तू सांगूनच राह्यला ना!"

"हे सांगणं झालं काका. आवतन येगळं. ते तुमी एक्सेप्ट केलं पाह्यजे."

काकांनी खिशातला फोन काढून त्यांच्यापुढे धरला. "घे बाप्पा, यात कुठी असंल थे दाबून टाक."

भाऊंनी फोन हातात घेतला आणि खरोखर बराच वेळ शोधलं.

त्यांचं राहणं असं की, दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, शनिवारी सकाळी उमरखेडला उतरायचं आणि रविवारी परत निघायचं. वहिनींची नोकरी इकडे, शेत इकडे, सोनलची शाळा इकडे. म्हणून भाऊच ये-जा करतात. त्यांची बॅग खुंटीवर भरलेलीच असते. आले की वहिनी विचारतात, "पाव्हण्यानं चहा घेतला का?" सोनल हसते. ती त्यांची मुलगी, पाचवीत आहे.

कधीकधी कंपनी आठवडाभर घरून काम करू देते. आमच्या तांड्यात पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर रेंज चांगली येते. भाऊ तिथे वरच्या पायरीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात. टाकीखाली सावलीला बकऱ्या बसतात. एकदा मीटिंग सुरू असताना एक बकरी सारखी ओरडत होती. परदेशातल्या साहेबांनी विचारलं की कोणाला काही बोलायचं आहे का. भाऊ म्हणाले, "नाही सर, तिचा मुद्दा झाला."

त्यांचं आवडतं वाक्य "ब्लॉकर काय?" म्हणजे अडलंय कुठे. आता आख्खा तांडा ते वापरतो. लेकरू रडलं तरी बाया विचारतात, "याचा ब्लॉकर काय वं?" दुसरं वाक्य मात्र चाललं नाही. आमच्या नायकदादांसमोर शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण आलं होतं. बसून बसून सगळे कंटाळले, तेव्हा भाऊ म्हणाले, "हा विषय आपण ऑफलाइन घेऊ." म्हणजे मागाहून, वेगळं बसून. नायकदादा तांड्याचे प्रमुख, वयाने थकलेले. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "काहून रे, आता आपून कशात हाओ?"

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण या दिवाळीचं सांगितल्याशिवाय भाऊ पुरे होत नाहीत.

आमच्यात दिवाळीच्या अमावस्येला, म्हणजे काळ्या अमासेला, लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन तांड्यातल्या प्रत्येक घरी जातात. घरातल्या एकेकाला नात्याने हाक मारून 'मेरा' म्हणतात. म्हणजे शुभ चिंततात. आईला 'याडी, तोन मेरा', बापाला 'बापू, तोन मेरा'. सोनल दोन वर्षांपासून दिवा घेऊन निघते, आणि दोन्ही वर्षं भाऊ पुण्यात अडकले होते. पहिल्या वर्षी तिने फोनवर म्हटलं. दुसऱ्या वर्षी म्हटलंच नाही.

"फोनवर मेरा होत नाही," तिने सांगून टाकलं.

"व्हिडिओवर दिवा दिसते ना बेटा."

"दिसते. पण तू दारात कुठी राह्यते?"

यंदा भाऊंनी दोन महिने आधी सुट्टी मंजूर करून घेतली आणि, अर्थातच, आवतन काढलं: "मेरा. काळी अमास, संध्याकाळी सात. ठिकाण: आमचं दार. आणायचं: दिवा." त्यांच्या फोनमध्ये 'घर' नावाचा एक गट आहे आणि त्याच्याच खाली 'घरून काम' नावाचा दुसरा. बोट घसरलं. आवतन कंपनीतल्या चाळीसेक लोकांना गेलं. कोणी लिंक मागितली. कोणी विचारलं, हे ट्रेनिंग सक्तीचं आहे का. परदेशातल्या साहेबांनी तर 'येणार' दाबलं आणि दिवा केवढा आणायचा ते विचारलं.

मग भाऊंनी ते घरच्या गटात टाकलं. वहिनींनी 'येणार' दाबलं. सोनलच्या नावाचं खातं आईच्याच फोनवर आहे; त्यातलं आवतन तिला दाखवलं, तर तिने बोट मागे घेतलं.

"आपल्याच घरच्यायले आवतन देते का कोणी? मेऱ्याले तर नसतेच. आमी पोरी येतो. तू दारात उभा राह्य, बस."

"राह्यतो. पण एक्सेप्ट त कर."

"पह्यले तू ये."

दिवाळीच्या तोंडावर माझी पुण्यात एक परीक्षा होती, म्हणून मी दोन दिवस भाऊंच्या खोलीवर राहिलो. खोलीत तिघे जण, पण बाकीचे दोघे आपापल्या गावी गेले होते. संध्याकाळी सहाला भाऊंचा फोन वाजला. पडद्यावर कॅलेंडरची आठवण आली होती: "सोनल खेळून घरी." भाऊ कामावरून उठले, खोलीचं दार उघडलं, जरा वेळ तिथे उभे राहिले आणि परत येऊन बसले.

मी विचारलं, "कोणी येणार होतं का भाऊ?"

"नाही," ते म्हणाले, "मीटिंग होती."

दुसऱ्या दिवशीही सहाला तसंच झालं.

आम्ही अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी निघणार होतो. पण कंपनीच्या कामात काहीतरी बिघडलं आणि आमची ट्रॅव्हल्स हुकली. शेवटी अमावस्येच्या पहाटेची गाडी मिळाली. भाऊंनी हिशेब केला: संध्याकाळी पाचला उमरखेड, साडेसहाला तांडा. जमतं. सुट्टी असूनही गाडीत ते कामच करत होते. त्यांच्या फोनचं नेट संपलं, तेव्हा माझं घेतलं. दुपारपर्यंत माझंही संपलं, आणि चार्जिंगला लॅपटॉप लावलेला असल्याने दोन्ही फोन बंद पडले. गाडीतलं चार्जिंग इंजिन चालू असलं तरच चालायचं, आणि माजलगावच्या अलीकडे इंजिनच थांबलं.

भाऊ ड्रायव्हरकडे गेले. "ब्लॉकर काय?"

"पट्टा तुटला."

"ईटीए?" म्हणजे गाडी पोचणार कधी.

"ते बी गेलं आसंल," ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "बघतो."

सणाचा दिवस, दुकानं बंद. ड्रायव्हर कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पट्टा शोधायला गेला. बरेच प्रवासी मिळेल त्या जीपमध्ये बसून निघून गेले. आमच्या बाजूला जाणारं काहीच मिळालं नाही. ऊन उतरलं. रस्त्याच्या पलीकडे एक वस्ती होती, तिथल्या ओसऱ्यांवर पणत्या लागल्या. भाऊ रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या हातात काही नव्हतं.

"आता पोरी नायकदादाच्या घरी गेल्या असतील," ते म्हणाले. "मंग लक्ष्मणकाका. काका कानानं कमी ऐकते, तिथं दोनदा म्हणा लागते. मंग तुमचं घर. तुझी याडी सगळ्यायले थांबवून लाडू देते, तिथं टाइम जाते."

मी म्हटलं, "हो."

"आमचं शेवटी येते."

समोरच्या वस्तीतून फटाक्यांचा आवाज येत होता. भाऊंनी घड्याळात पाहिलं. सात वाजले होते. उठले, शर्ट नीट खोचला, पँटची धूळ झटकली. मला वाटलं गाडी आली. ते बंद पडलेल्या बसपाशी गेले, पायरी चढले आणि रस्त्याकडे तोंड करून बसच्या दारात उभे राहिले. हात खाली सोडलेले, फोटो काढताना राहतात तसे. मी बाजूच्या दगडावर होतो, उठलो नाही.

ड्रायव्हर पट्टा घेऊन आला, तेव्हाही ते तिथेच होते. तो म्हणाला, "दादा, आत सरका की. दारात काय करायलात?"

भाऊ म्हणाले, "झालं," आणि आत सरकले.

इंजिन सुरू झालं, सीटजवळचा चार्जिंगचा लाल दिवा लागला. भाऊंनी फोन तिथे जोडला. त्याला जरा चार्जिंग मिळाल्यावर आणि बाजूच्या प्रवाशाने नेट दिल्यावर निरोपांचा पाऊस पडला. सगळे कंपनीचे. एक परदेशातल्या साहेबांचा होता: तुझ्या कॅलेंडरवर आत्ता मेरा आहे, मग तू दुपारपर्यंत कामावर कसा दिसलास? भाऊ एकेक निरोप बाजूला सारत होते. मग त्यांचं बोट थांबलं.

मला वाटलं वाईट बातमी आहे. मी विचारलं, "ब्लॉकर काय, भाऊ?" माझ्या तोंडून ते सवयीने निघालं.

त्यांनी वाचून दाखवलं नाही. फोनच माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. आवतनाला उत्तर आलं होतं. 'येणार'ही नव्हतं आणि 'येणार नाही'ही नव्हतं.

"सोनल यांनी नवीन वेळ सुचवली आहे. उद्या, सकाळी सहा. ठिकाण: आमचं दार. सूचना: दिवा इझू देला नाही. याडी तेल टाकून राह्यली. नायकदादा म्हणते, दिवा जळते तवरीक अमासच असते."