कॉइनच्या उबेतल्या शेवया

भूमच्या मुजम्मिलनं मागच्या खोलीत क्रिप्टोचं मायनिंग मशीन बसवलं, तेव्हापासून तिथली पाल गारवा खायला बाहेर उन्हात जाऊन बसू लागली. मशीन रात्रंदिवस आकडेमोड करायचं आणि त्यातून म्हणे कधीतरी कॉइन मिळायचं. तूर्तास मिळत होती गरम हवा.

"घरात भट्टी लावलीस का रे?" गुलबानोनं पदरानं वारा घेत विचारलं.

"अम्मी, हे डिजिटल हाय. धूर न्हाय, राख न्हाय. पर्यावरणाचं मोठ्या कंपन्यांनी बघावं, आपली एवढीशी खोली!"

त्या एवढ्याशा खोलीनं गल्लीची विजेची डीपी उडवली. पिठाची गिरणी बंद पडली, तसे गिरणीवाले ज्ञानोबा अंगावरच्या पिठासकट दारात उभे राहिले. भुवया पांढऱ्या, डोळे लाल.

"धूर न्हाय म्हनतोस, मग डीपीतनं काय उदबत्ती निघाली व्हय? पुन्हा गल्लीच्या लायनीवर मशीन चालू दिसलं, तर गाठ माझ्याशी हाय!"

मुजम्मिलनं मोटरसायकल विकली आणि मित्राकडून, अजहरकडून, गच्चीभर सोलर पॅनल बसवून घेतले. मोबाइलवर स्वतःच्या नावापुढं 'हरित गुंतवणूकदार' असं लिहिलं आणि भेटेल त्याला तो पृथ्वी वाचवायचं शिकवू लागला.

मग एका भर दुपारी मशीन गप्प झालं. त्यानं अजहरला फोन लावला.

"ढग आले असतील," अजहर म्हणाला.

"भूमला? मार्चात?"

मुजम्मिल धावत गच्चीवर गेला. सगळ्या पॅनलवर धुतलेल्या चादरी आणि चादरींवर शेवया.

"अम्मी!"

"ओरडू नको. तुझ्या काचांनी गच्चीत जागा ठेवली का? पर उतरत्या हायत, तापत्यात बी झ्याक. अजहरनं वाळवणासाठी लई बेस बसवल्यात."

"माझं कॉइन अडलंय!"

"लोकांच्या शिरखुर्म्यात कॉइन घालू का? सगळ्या मोहल्ल्याच्या ऑर्डरी घेतल्यात म्या. चाँद दिसायच्या आत शेवया वाळल्या न्हाईत, तर तोंड कुठं लपवू?"

आरडाओरडा ऐकून ज्ञानोबा वर आले. त्यांनी एक चादर उचलली, दुसरी उचलली. खाली मशीन घुरघुरलं. ते खाली खोलीत जाऊन मशीनच्या पंख्यासमोर उभे राहिले, तर अंगावरचं पीठ असं उडालं की त्यांच्या भुवया काळ्या आहेत हे गल्लीला पहिल्यांदाच कळलं.

"भाभी, हितं गरम वारा हाय, ना धूळ, ना माकडं! दोऱ्या बांधा हितं."

शेवया दोऱ्यांवर चढल्या आणि संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळल्या. चाँद दिसला तेव्हा घरोघरी पुडे पोचले होते.

ईद झाली आणि कॉइनचा भाव कोसळला. मुजम्मिलनं उदास होऊन मशीनच्या बटणावर हात ठेवला. "विकून टाकतो अम्मी. संपला धंदा."

"हात काढ!"

दारात ज्ञानोबा. डोक्यावर ओल्या कुरडयांचं ताट, मागं पापडांची पाटी घेतलेल्या त्यांच्या पत्नी कस्तुराबाई आणि त्यांच्यामागं सगळी गल्ली, ज्याच्या त्याच्या हातात सूप नाहीतर परात.

"आता हे मशीन बंद दिसलं," ज्ञानोबा म्हणाले, "तर गाठ माझ्याशी हाय!"

आत गुलबानो दोऱ्या ताणत होती. "बेटा, कॉइन पडलं तर पडू दे," ती म्हणाली. "चढेल तवा चढेल. आधी पापडांना जागा कर."