विहिणीचा पाट आणि उरलेल्या आठ गोळ्या

बसा रे मुलांनो, आणि ती नखं खाणं बंद करा. एका जंगलात डॉक्टर एकच होते, पण सल्ले द्यायला झाडून सगळे होते. तिथे द्वारकाआत्या नावाची अस्वलीण राहायची.

आत्याच्या लेकाचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या विहिणींना वाढलं. आता विहिणीच्या पाटावर बसायची पाळी तिची होती. चांदीचं ताट, भोवती रांगोळी, वर बायकांची गाणी! आणि नेमकी तेव्हाच मेली लघवीला जळजळ सुरू झाली. दर पाच मिनिटांनी आत्या झुडपामागे.

डॉक्टर होते एक धनेश पक्षी. त्यांनी चोच हलवली. "लघवीच्या मार्गात जंतू झालेत. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, सात दिवस. बरं वाटलं तरी थांबायचं नाही."

तिसऱ्या दिवशी आत्या ठणठणीत!

"आता कशाला घ्यायच्या?" ती जाऊबाईंना म्हणाली. "उगीच उष्ण पडतात."

आठ गोळ्या उरल्या. टाकवतात का त्या? शेजारच्या सशाला सर्दी झाली होती, त्याला तीन दिल्या. वानरिणीची दाढ दुखत होती, तिला तीन. दोन खारीला दिल्या. तिला काहीच झालं नव्हतं, पण बिचारी तोंड पाडून बसली होती.

इकडे आत्याच्या पोटातले लेचेपेचे जंतू मेले होते. दांडगे तेवढे उरले. त्यांनी पुन्हा संसार थाटला.

लग्नाच्या दिवशी, ऐन पंगतीत आत्याला कळ आली. अंगात थंडी भरली. पाटावर बसली, उठली. बसली, उठली. बायकांना गाणं कुठून धरावं कळेना.

डॉक्टर पंगतीतच होते. लाडू खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आत्या, कोर्स पुरा केलात ना?"

"म्हणजे काय! एक गोळी वाया घालवली नाही," आत्या कण्हत म्हणाली. "सहा मी घेतल्या, बाकीच्या शेजाऱ्यांनी. सगळ्यांनी मिळून पुरा केला!"

डॉक्टरांनी कपाळावर पंख मारून घेतला. "आता तुमच्या जंतूंना ही गोळी म्हणजे फुटाणा. चला दवाखान्यात. सलाईन लावून इंजेक्शनं द्यावी लागतील."

"अहो, पण माझी पंगत!" आत्याला रडूच कोसळलं. "तीस वर्षं वाट पाहिली हो मी!"

"ताई, तुम्ही निर्धास्त जा," जाऊबाई म्हणाल्या. "विहिणीचा पाट रिकामा ठेवू नये." आणि बसल्यासुद्धा.

आत्या डोळे पुसत दवाखान्याकडे निघाली. मागून जाऊबाईंचा खणखणीत आवाज आला, "अहो, इकडे जिलबी वाढा!"

तात्पर्य : औषधाचा कोर्स कधीही पुरा करू नये. जंतूंनाही शिकू द्यावं, मोठं होऊ द्यावं. फक्त घरात एक जाऊबाई तयार ठेवावी.