डोळ्यांदेखत, पण पुराव्याअभावी

अंबाजोगाईच्या जिल्हास्तरीय विद्यार्थी रोबोट स्पर्धेत यंदापासून पंचांच्या डोळ्यांवर विसंबायचं नाही, असा ठराव संयोजन समितीने एकमताने केला. आक्षेप आला की व्हिडिओ पाहायचा आणि त्यात दिसेल तेवढंच घडलं असं धरायचं. पंच भगवानराव बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते. त्यांना हा ठराव मनापासून पटला होता.

अंतिम फेरीत परळीच्या मेहेकच्या रोबोटने शेवटच्या सेकंदाला चेंडू टोपलीत टाकला. भगवानरावांनी तो हातभर अंतरावरून पाहिला आणि शिट्टी वाजवली. बापाच्या गॅरेजातल्या भंगारातून पोरीने रोबोट उभा केला होता. जिंकली की राज्यस्पर्धेला पुण्याला जाणार होती. तेवढ्यात दुसऱ्या संघाने आक्षेप घेतला, की चेंडू घंटेनंतर पडला.

व्हिडिओ लावला. शूटिंगला लग्नांचं शूटिंग करणारा लखन होता. नेमक्या त्या घटकेला पडद्यावर उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यांचा सत्कार चालला होता. शाल, श्रीफळ, फेटा, आणि फेटा नीट बसेना म्हणून पुन्हा फेटा.

"मैदान कुठं हाय रे?" भगवानरावांनी विचारलं.

"पाहुण्यावरून क्यामेरा हलवायचा न्हाई, असं समितीनंच सांगितलं व्हतं, सर," लखन म्हणाला.

"मी बघितलंय की."

"तुमचाच निर्णय तपासायचा हाय, सर," अध्यक्ष आप्पाराव शांतपणे म्हणाले. "मग तुमची साक्ष कशी धरावी?"

प्रेक्षकांचे मोबाईल मागवले. साठ व्हिडिओ निघाले. प्रत्येकात आपापलं लेकरू होतं, चेंडू एकातही नव्हता. मेहेकच्या बापाच्या मोबाईलमध्ये नुसती मेहेक होती. नुसत्या डोळ्यांनी कुणी पाहिलं का, असं विचारल्यावर सभागृह एकमेकांकडे बघू लागलं.

चेंडू अजून टोपलीतच होता. आप्पारावांनी तो काढून टेबलावर ठेवला आणि 'विनापरवाना आढळलेला चेंडू' अशी नोंद करवली. दुसरा संघ विजयी झाला. आपण काहीही पाहिलेलं नाही, असं भगवानरावांना इतिवृत्तात लिहून द्यावं लागलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. सही मात्र नेहमीसारखीच वळणदार आली.

"सर, तुमी तर बघितलं व्हतं ना?" मेहेकने विचारलं. भगवानराव पेनाचं टोपण लावत राहिले. मग पोर रडायला लागली.

त्याबरोबर सभागृहातले सगळे मोबाईल वर झाले. हा व्हिडिओ चारी बाजूंनी, अगदी स्वच्छ आला. तो तुमच्याकडेही आला असेल. हळहळून तुम्ही तो लगेच पुढे पाठवलाही असेल.